'समजा' म्हणायला शिकवणारे आठल्ये सर

आठल्ये काकू, सांगलीहून आलेली प्राध्यापक मंडळी, लोणंदकर, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या मुला-मुलींनो,

मी सुनंदा. सातारच्या कोर्टात वकिली करते. बोलणं हाच माझा धंदा, आणि आज कुठून सुरुवात करावी ते कळत नाहीये. यावर सरांनीच एक उपाय शिकवला होता. आधी हकीकत सांगायची. बाकी सगळं नंतर. तेच करते.

हकीकत अशी. आठल्ये सर सांगलीला कायदा शिकवायचे. दर जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधी, ते दहा दिवस पॅसेंजरनं लोणंदला यायचे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला निघालेल्या आपल्या भागातल्या मुलांचा वर्ग इथं, या समाजमंदिरात घ्यायचे. सात वर्षं घेतला. गेल्या मंगळवारी सर सांगलीत वारले. हृदयविकाराचा झटका. यंदाचा वर्ग येत्या सोमवारपासून आहे.

हा वर्ग निघाला कशामुळे? माझ्यामुळे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. ऐका.

बारावी झाले आणि सांगलीला गेले. पहिलाच आठवडा. सर वारसाहक्क शिकवत होते. त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "समजा, तुझे वडील मृत्युपत्र न करता वारले. घर कुणाचं?"

मी म्हणाले, "सर, माझं वडील जित्तं हायती."

वर्ग हसला. सरही हसले. मी पुन्हा म्हणाले, "खरंच जित्तं हायती सर, रेल्वेत गँगमन हायती." मग तर बाकं वाजली.

आमच्यात असलं तोंडातून काढत नाहीत. जित्या माणसाचं मरण बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. सर माझ्या वडिलांना मारतायत, आणि मी त्यांना वाचवतेय, एवढंच मला कळत होतं. त्याच संध्याकाळी पेटी उचलली आणि घरी आले. कायदा नको म्हणाले.

चौथ्या दिवशी सर लोणंदला, आमच्या रेल्वे क्वार्टरवर हजर. माझे वडील, आप्पा, हे इथं पुढंच बसलेत, त्यांना आठवत असेल. आप्पांनी विचारलं, "काय इचारलं व्हतं वो पोरीला?" सरांनी सगळं सांगितलं. स्वतः हसल्याचंही सांगितलं. म्हणाले, "ते माझं चुकलं."

आप्पा माझ्याकडं वळले. "एवढ्यासाठनं घरी बसलीस व्हय गं? मेलो समज की! समजून कोण मरतंय? पण सर, पोरांना आधी सांगत जावा की वो. आमी बोललेलं खरं धरतो."

सरांनी तिथंच वही काढली आणि मला विचारलं, "कॉलेजात यायच्या आधी तुला काय काय सांगायला हवं होतं? सांग, मी लिहून घेतो." प्राध्यापक लिहितोय आणि गँगमनची पोर सांगतेय. मी सांगितलं. 'समजा' म्हणजे काय ते सांगा. उत्तर चुकलं तर पुढं काय होतं ते सांगा. जागेवरून उठून "कळलं नाही" म्हणता येतं का, ते सांगा. आप्पा म्हणाले, आमचं समाजमंदिर रिकामंच असतंय. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये वर्ग सुरू झाला. मी सांगलीला परत गेलेच होते.

पहिला धडा नेहमी 'समजा'चा. सर म्हणायचे, "कुणाच्या आईबापाला हात लावायचा नाही. समजा, आठल्ये मेला." दारात उभ्या असलेल्या बाया कळवळायच्या. "आवं सर, असं वंगाळ बोलू नगा!" सर म्हणायचे, "मावशी, दहा दिवस मी मरणार आहे. चहा तेवढा पाठवा." मग मुलं जोरात सरांची मिळकत वाटायची. काकू, तुमचा वाटा कमी धरला म्हणून एकदा इथं भांडण झालं होतं.

दुसरा धडा निकालपत्र वाचायचा. हकीकत, मुद्दा, निर्णय, कारण. एका पानात. पहिल्या जूनला मीही या वर्गात बसले होते, तेव्हा लिहिलं होतं, 'बिचाऱ्या वादीची जमीन गेली'. सरांनी 'बिचाऱ्या'वर काट मारली. "बिचारा कोण, ते पान संपेपर्यंत ठरवायचं नाही." मुलं चिडायची. मीही चिडले होते. कोर्टात उभी राहिले तेव्हा पटलं.

आता माझी हकीकत. बिचारी वगैरे न लावता सांगते.

सर तीन वर्षं मला म्हणत होते, "सुनंदा, हा वर्ग आता तू घे. मी वरून शिकवतो, तू आतून शिकवशील." मी म्हणायचे, वेळ नाही सर. वेळ होता. मला भीती वाटायची. समोर पंचवीस पोरं, माझ्या तोंडून एखादा 'हाय' नाहीतर 'न्हाई' निसटणार आणि कुणीतरी हसणार. न्यायाधीशापुढं वाटत नाही, या सतरंजीपुढं वाटते. याची लाज वाटते, म्हणून कुणाला बोलले नव्हते.

मागच्या पंधरवड्यात एसटीडीवरून सरांचा फोन आला. "डॉक्टर प्रवास नको म्हणतात. सतरा नावं आलीत. यंदा तू घेशील?"

मी म्हणाले, "बघते सर. कळवते."

आपल्याकडं 'बघते'चा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे. सरांनाही माहीत होता. ते म्हणाले, "बरं. बघ." त्यानंतर आठ दिवस ते होते. माझ्या टेबलावर फोन होता. मी कळवलं नाही.

ती सतरा नावं काकूंनी आज माझ्या हातात दिली आहेत. ज्यांची आहेत, ते बहुतेक इथंच मागं बसलेत. मुलांनो, सोमवारी दहा वाजता या. वर्ग मी घेणार हाय. हसायचं असेल तर हसा.

सर, माझा होकार उशिरा आला. कोर्टात उशीर माफ करून घ्यायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागतं. माझ्याकडं कारण नाही.

सर्वांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नये, ही विनंती.