बाजेवरून शिकवलेला सयपाक

मी मूळचा साखऱ्याकडला, सेनगाव तालुक्यातला, तिकडं सगळी कोरडवाहू जमीन, आन ती बी दुसऱ्याची, आमची न्हाई. नाव उत्तम, पन आता इथं वारंगा फाट्यावर लहानमोठे सगळे उत्तममामाच म्हनतेत. माय रोजानं रानात जायची, आन तिचं एक होतं बगा, संध्याकाळी रिकाम्या ओटीनं कधी घरी आली न्हाई. पावसाळ्यात तरोटा आनायची, थंडीत करडईचा कवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे, बांधावरची घोळ, आन काहीच गावलं न्हाई तर ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक ओतायची. आमी लेकरं कुरकुर करायचो, रोज पालाच काहून माय, तर ती म्हनायची, बकरी बगा कशी उड्या मारते, पाला खाऊनच न. तवा हसू यायचं. ते आमाला गरिबीचं खानं वाटायचं. पुढं त्यानंच आमचं घर सावरलं, तेच सांगून राहिलो तुमाला.

लगीन झालं तवा माझं मिसरूड फुटलेलं. मंडळी औंढ्याकडची, कांताबाई नाव. बोलायला कमी, पन एक शब्द बोलली की तो शेवटचा. साखऱ्यात काम बारा म्हैने मिळंना म्हनून आमी वारंगा फाट्यावर आलो. इथं गाड्या येत्यात, जात्यात, हमालीला तोटा न्हाई. हळदीची पोती, खताची पोती, सिमेंट, जे येईल ते पाठीवर घेतलं. एक पोरगा, एक पोरगी. पोरगी औंढ्याला दिली, पोरगा पुन्याकडं कंपनीत हाय, त्याचं त्याला पुरतं, आमी त्याला मागत न्हाई.

आता फाट्यावरचं खानं कसं असतं, काय सांगू तुमाला. गावात असताना भाकर होती, इथं आल्यावर हळूहळू भाकर सुटली. सोयाबीन आलं तशी लोकांनी ज्वारी पेरनं कमी केलं, आन बाजारात ज्वारी गव्हाच्या वर गेली. रेशनचा तांदूळ घरात येतो, मंग भातच भात. मी दिवसभर हाटेलाच्या बाकड्यावर, भजे, पाव, चहा, गाडीवाल्यासंगं बसलो की खानं झालं. ही घरी एकटी. एकटीसाठी कशाला चूल पेटवा म्हनून सकाळी चहात टोस बुडवायची, दुपारी भात आन मिरचीचा ठेचा, संध्याकाळी परत चहा. पोट भरायचं, व्हय, पोट भरायला काय, पान्यानं बी भरतं.

मागं एका साली हळदीच्या दिवसात ही हळद शिजवायच्या कामावर गेली. मोठ्या कढईखाली जाळ, वर वाफ, आन उनाचा तडाखा. तिथं ही उभ्याउभी खाली बसली, आन बसल्याजागी आडवी झाली. बायांनी पानी मारलं, मला निरोप आला, मी हातातलं पोतं तसंच टाकून पळालो. जीपमदी घालून हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की हिच्या पोटात गाठ हाय, पिशवीला, आन म्हैन्याच्या म्हैन्याला लई रक्त जाऊन राहिलंय. मला तिनं सांगितलं नव्हतं. बाईचं बाईला, असं म्हनून ती गप होती.

डाक्टरीनबाई चांगल्या होत्या. त्या म्हनल्या, ऑपरेशन करावं लागतं, पन आज करता येत न्हाई, रक्त सहावर आलंय, दहाच्या वर जायला पायजे. बाटली चढवली, जानारं रक्त कमी व्हायला गोळ्या दिल्या, रक्ताच्या गोळ्या येगळ्या दिल्या, आन सांगितलं की पोटाला चांगलं घाला, नाहीतर बाटलीचं बी टिकत न्हाई. मी इचारलं, चांगलं म्हंजे काय. तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं, ती म्हनली, मामा, हिरवा पाला, डाळी, गूळ-शेंगदाने, कलेजी, आन गोळी घेतल्यावर लिंबू पाजा, गोळीच्या आगंमागं चहा अजिबात न्हाई. मी मुंडी हलवली, पन मनात म्हनलो, दवाखान्यात सगळे फळंच तर आनतेत, आपन बी फळ नेलं पायजे.

म्हनून ष्ट्यांडवर गेलो, फळवाल्याला डाळिंबाचा भाव इचारला, आन ऐकून दोन पावलं मागं सरलो. तरी एक घेतलं. दवाखान्यातून सुट्टी झाली, घरी आल्यावर हिच्या हातात दिलं, वाटलं खूश होईल. तिनं ते उलटंपालटं करून बगितलं आन म्हनली, हे एक आनलं, उद्या काय आनशाल. मंग म्हनली, एवढ्यात आठवडाभराचे मूग आले असते. पन फोडलं मातर तिनं, आन अर्धं मला दिलं.

पोरगी आठ दिवस आली, तिनं सगळं केलं, पन तिलाबी तिचा संसार, लहान लेकरं, सासू आजारी. ती गेली त्या दिवशी सकाळी ही बाजेवर पडलेली, उठली की डोळ्यापुढं अंधारी, आन चूल थंडगार. मी चुलीपुढं जाऊन बसलो. जनमभर पोती उचलली बगा, पन पीठ कसं मळतेत ते ठावं नव्हतं. हिनं बाजेवरूनच सांगायला सुरू केलं. आधी पानी तापवा. पिठात आळं करा. एकदम ओतू नका. मळा, अजून मळा, पोत्याला जोर लावता तसा तळहातानं जोर लावा. पहिली भाकर थापली, ती परातीतून उचलली आन तिचे तीन तुकडे झाले. दुसरी तव्यावर टाकली, ती एकीकडून कच्ची, दुसरीकडून कोळसा. ही बाजेवर तोंड झाकून हसून राहिली. कैक दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती, म्हनून मला राग यायचा तर बरंच वाटलं. त्या दिवशी आमी दोघांनी ते तुकडेच खाल्ले, ठेच्यासंगं.

पीठ कुठून आलं म्हनशाल तर ते बी सांगतो. ज्वारी इकत घ्यायची ऐपत नव्हती, पन काढनीचे दिवस होते. एका मालकाकडं गेलो, म्हनलो, मला रोजाचे पैसे नको, ज्वारी द्या. तो म्हनला, हमालाला काढनी जमंल का. मी म्हनलो, गावाकडं लहानपनापासून तेच केलं मालक. सकाळी गाड्या भरायच्या, दुपारून रानात जायचं, कंबर धरायची, पन घरात ज्वारीची थैली आली. हरभरा निघालेल्या रानात सरवा वेचला, म्हंजे काढनी झाल्यावर खाली पडलेले घाटे, ते कोनी बी वेचतं, त्याला मनाई न्हाई. ओलिताच्या रानात पान्यावर तांदुळजा उगतो, तन म्हनून लोक उपटून टाकतेत, मी मालकाला इचारून भरभरून आनायचो. आमच्या हाटेलामागं शेवग्याचं झाड हाय, शेंगा हाटेलवाला इकायचा, पाला कोनी नेत नव्हतं, तो मी न्यायचो.

आता भाजी निसायला मी दारात बसायचो, तर संगतीचे हमाल जाता-येता म्हनायचे, उत्तममामा बायको झाला रे. एक दिवस मी म्हनलो, बायको झालो तर झालो, तुमच्या पोटात तर हाटेलाचं तेल हाय. त्यावर सगळे हसले. मंग त्यातला एक जन शेजारी बसला आन पाला निसायला लागला, त्याच्या घरी बी कोनी आजारीच होतं.

गफूरभाईचं कोंबडीचं दुकान हाय फाट्यावर, जुनी वळख. त्याच्या खाद्याची पोती आली की मी उतरून द्यायचो. त्याला हिचं कळलं, तर तो म्हनला, उत्तमभाई, भाभी के वास्ते कलेजी बाजूला ठेवतो, शाम को लेके जाव. आठवड्यातून एक-दोनदा पुडी ठेवायचा. मी पैसे काढले की म्हनायचा, पोती उतरायची तकलीफ झाली न, हिसाब बराबर. माझ्या मायची एक लोखंडी कढई होती, बकरीला पानी पाजायला ठेवलेली, ती हिनं घासून घ्यायला लावली. म्हनली, जर्मनच्या, म्हंजे अल्युमिनच्या पातेल्यापेक्षा हिच्यात भाजी शिजवा, लोखंड रक्ताला बरं. त्याच कढईत कलेजी, त्याच कढईत पाला. रेशनचा तांदूळ लोक इकून टाकतेत, हिनं इकू दिला न्हाई, त्यात मूग टाकून खिचडी करायला शिकवलं. मटकी भिजवून मोड काढायचे, जवसाची चटनी कुटायची, वर लिंबू. हाटेलावरचं माझं खानं बंद झालं, त्या वाचल्या पैशातच सगळं भागून गेलं, येगळं काही आनावं लागलं न्हाई.

भांडन एकाच गोष्टीवरून, चहा. गोळी घेतली की तिला चहा पायजे. मी भगुनं लपवून ठेवायचो. ती म्हनायची, चहाबिगर जगून काय करू. मी म्हनायचो, सिस्टरला इचार. रुसायची, भिंतीकडं तोंड करायची, मंग लिंबाचं पानी घ्यायची.

म्हैन्यानं परत तपासनी झाली. मला वाटलं आता दहा झालं असंल, तर सात आन वर थोडंसं. माझं मन खचलं. दवाखान्याच्या पायरीवर बसलो, म्हनलो, एवढं करून बी एवढंच. सिस्टर बाहेर आली, ती म्हनली, मामा, वर चाललंय न, खाली तर न्हाई, गोळ्या आन जेवन दोनीबी सोडू नका. कांता तिथंच माझ्या शेजारी बसली आन म्हनली, उद्या तांदुळज्यात लसून जरा जास्त टाका. बस, एवढंच बोलली. मला समजलं की हिनं हाय खाल्लेली न्हाई, मंग आपन काहून खायची.

पेरन्या झाल्या, बांधावर तरोटा आला, मी मायवानीच ओटा भरून आनला, फरक एवढाच की मायचा लुगड्याचा होता आन माझा रुमालाचा. ही तवर चालायला लागली होती, ओठाला रंग आला होता. पुढच्या तपासनीला डाक्टरीनबाईनं कागद बगितला, हिच्या डोळ्याची पापनी खाली वढून बगितली, आन म्हनल्या, आता करू. आपरेशन झालं, गाठ निघाली, साधी निघाली. मी बाहेर बाकड्यावर बसलेलो, ते ऐकलं आन उठून आधी पोरीला फोन लावला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेवायला परवानगी मिळाली तवा मी घरून मुगाचं वरन आन मऊ भात नेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं इचारलं, सून चांगली करते का हो. कांता म्हनली, सून न्हाई, यांनी केलंय. त्या बाईनं माझ्याकडं असं बगितलं, मी आपलं डब्याचं झाकन लावत बसलो.

आता तिला बरं हाय. रानात जाते, दोन बकऱ्या पाळल्यात, दारात अंबाडी, दोडका, कढीपत्ता लावलाय. सकाळची भाकर मातर मीच करतो. ती म्हनते, काठाला जाड ऱ्हाती तुमची. ऱ्हाऊ द्या, खाते न. पैसा आमच्याकडं तवा बी नव्हता आन आता बी न्हाई, पन कमी पडलं असं वाटत न्हाई. पोरगा फोनवर म्हनतो, बाबा, मी डबा लावलाय, तेलकट असतो. मी म्हनतो, ये चार दिवस, भाकर थापायला शिकवतो. तो हसतो, पन येतो म्हनलाय दिवाळीला.

आमचं आता एक ठरलेलं हाय, कोनी कोनासाठी मागं ठेवायचं न्हाई, कोनी मागून जेवायचं न्हाई. मी कामावरून आलो की दोन ताटं संगंच वाढली जातात, तिच्या ताटात काय पडलं ते मला दिसतं, माझ्या ताटात काय पडलं ते तिला. तुमच्या घरी बी असंच असू द्या, तुमी सुखी ऱ्हाल. आन आता उठू नका, तिनं आत तिसरं ताट घेतलेलं दिसून राहिलंय.