एकतीस मार्चचा मोहा

तहसीन : उठू नका, सोमारीबाई. तुम्ही धान कापा, मी बांधावर बसून विचारते. एकच तारीख पाहिजे.

सोमारी : बस. चप्पल काढ पण, नवी दिसते. बाबूभाईच्या पोरीले चिखल चालते, चपलेले नाई चालत.

तहसीन : दोन हजार एक साल. तुमची मोहाची पहिली टोपली अब्बांच्या दुकानात एकतीस मार्चला आली. अब्बांनीच दुकानाच्या वहीत लिहून ठेवलंय. आधीच्या साली सोळा मार्च, नंतरच्या साली चौदा. मधेच एकतीस काऊन?

सोमारी : सहा सालानं आठवण आली तुले?

तहसीन : परवा बालीला निघायचंय. जगातले सगळे देश हवामानावर बोलायला जमून राह्यले तिथं.

सोमारी : अन् तू बोलशीन त्यायच्यात?

तहसीन : छे! बोलतील सरकारचे साहेब. आम्ही विद्यापीठवाले मागच्या खुर्चीवर. साहेबांनी मान वळवली की कागद पुढं सरकवायचा.

सोमारी : एवढं शिकून मागंच बसतेस, माय?

तहसीन : हसा तुम्ही. पण त्या कागदांत तुमचा मोहा आहे. पंधरा सालांत दहा-बारा दिवस अलीकडे सरकला, हे या जंगलात दुसऱ्या कुणीच लिहून ठेवलेलं नाही. अन् दिल्लीचे प्रोफेसर म्हणतात, ही एक तारीख वेडीवाकडी, म्हणजे सगळी वहीच अंदाजपंचे. काढून टाका म्हणतात. उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय मला.

सोमारी : अंदाजपंचे? त्याले म्हणावं, ये धानोऱ्याले. पहाटे टोपली घेऊन चाल माह्यासंगं.

तहसीन : मग त्या साली मोहा उशिरा का पडला?

(सोमारीनं विळा खाली ठेवला. आपण काहीतरी भलतंच विचारलं, असं तहसीनला वाटलं.)

सोमारी : मोहा कुठी उशिरा पडला? आमी उशिरा गेलो.

तहसीन : म्हणजे?

सोमारी : तुमी बाप-लेक दरसाली काय विचारता? पहिली टोपली कवा आणली. फूल कवा पडलं, हे कवा विचारलं तू? फूल पडलं का दुसऱ्या दिवशी गावाचं पंडुम. देवाले देल्याबिगर नवा मोहा वेचत नाई आमी. तिसऱ्या दिवशी टोपली.

तहसीन : या अल्ला! इथं जन्मले, लहानपणी दर साली तुमच्या पंडुमाला जेवले, अन् हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे साऱ्याच तारखा दोन दिवस मागं घ्यायच्या. पण एकतीस?

सोमारी : घरात मौत झाली तर दिवस होयेपर्यंत देवापाशी जाता येत नाई. गावानं मोहा वेचला. माह्या झाडाखाली तसाच सडला.

तहसीन : पत्रूभाऊ...

सोमारी : व्हय.

तहसीन : मी हैदराबादेत होते तेव्हा. तुमचे मालक गेले, एवढंच अब्बांनी कळवलं. कोणत्या दिवशी, ते मी आजवर विचारलं नाही तुम्हाला. लाज वाटते हो मला, बाई.

सोमारी : रडू नको. आता विचारलं ना? होळी होऊन चौथा दिवस. अंगणात झाडाखाली निजवलं होतं त्याले. माणसं यायची होती. तवा चादरीवर दोन फुलं पडले. त्या सालचे पहिलेच. सासू म्हणे झटक. मी नाई झटकले.

तहसीन : तारीख?

सोमारी : पंचायतीचा दाखला हाय पेटीत. तेरा मार्च.

तहसीन : तेरा. म्हणजे टोपली पंधराला आली असती. सोळा, पंधरा, चौदा... बाई, बरोब्बर मधे बसते हो!

सोमारी : बसणारच. मोहा खोटं कायले बोलन?

तहसीन : आता कोण काढते वही, तेच पाहते मी. वरती तुमचं नाव टाकते, सोमारी, तालुका धानोरा.

सोमारी : अन् तेरा मार्चच्या जागी त्याचं?

तहसीन : तक्त्यात नावाला जागा नसते, बाई. फक्त तारीख असते.

सोमारी : मंग तारीख त्याचीच हाय. सांभाळून ने त्याले. चांद्याच्या पुढं गेला नव्हता तो कवा.