सहाव्या सिनेमाचा परिचय

नाही हो काकू, छापखान्याची चूक नाही — त्या बिचाऱ्याला कशाला दोष देता, त्याने दिलं तसं छापलं — बसा ना, उभ्या का, ती खुर्ची ओढून घ्या, फक्त टेबलाखाली पाय लांब करू नका, माझी बॅग आहे तिथे. आधी कार्ड द्या, पंच करून टाकते. धरता का जरा तुम्हीच? माझा डावा हात अजून धरत नाही काही. हां, असं. सहाच्या चौकटीवर. टक्. झालं. आपल्या फिल्म सोसायटीचा आठ सिनेमांचा हंगाम, आज सहावा, सातवा पुढच्या रविवारी चारलाच — काय? हे? दारात सापडली बोटं. माझंच लक्ष नव्हतं. तर तुम्ही म्हणत होतात की पत्रकात जो परिचय आलाय त्यातला तो दाराचा प्रसंग या सिनेमात नाहीच. तुम्ही पाहिलाय हा सिनेमा? कुठे? अच्छा, लेकीकडे गेला होतात तेव्हा. मग विसरला असाल. दोन अडीच वर्षं झाली म्हणजे — नाही? आठवतंय? मिठागरावरचा मुकादम, बरोबर, आणि त्याची बायको, आणि ते फावडं. आणि झोपडीला — अगं बाई. झोपडीला गोणपाट आहे. दारच नाही. गोणपाटाचा पडदा टांगलेला आहे, वाऱ्याने सारखा उडतो, बरोबर आहे तुमचं. आता गोणपाटात कोणाची बोटं कशी चिरडणार? एवढं माझ्या लक्षात आलं नाही बघा. इतकं सगळं नीट जुळवलं आणि जिथे दार लावलं त्या घरालाच दार नाही.

म्हणजे, ‘जुळवलं’ म्हणजे — यांनी. लिहितात हेच. खाली नाव आहे ना, ‘परिचयलेखन : सचिव’. तुम्ही मागे म्हणाला होतात मला, तुझ्या नवऱ्याची भाषा काय गं छान आहे, कमी शब्दांत सगळं सांगतात. मी हसले होते. मला हसायचं असतं तेव्हा मी खाली बघून हसते, त्यामुळे लोकांना वाटतं लाजली. नवीन नवरीला एवढी सोय असते — काहीही केलं तरी लाजलीच म्हणतात. पाच महिने झाले लग्नाला. बघायला आले तेव्हा इतर मुलं विचारतात स्वयंपाक येतो का, यांनी विचारलं सिनेमा समजतो का. आमच्या घरी सगळे खूश, म्हणे केवढा सुसंस्कृत मुलगा. आहेतच. या हंगामाचा विषय यांनीच निवडलाय, ‘हिंसेचे चेहरे’. आठ देश, आठ सिनेमे, मुडदे मी मोजलेत, आतापर्यंत एकोणतीस होतात, घोडा धरला तर तीस. पण हे आधी बघत नाहीत एकही. म्हणतात, मनावर आधी ठसा नको, पडद्यासमोर कोरं बसावं. मग परिचय कोण लिहिणार? मीच — बरं, मीच लिहिते, आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही गोणपाटापर्यंत पोचलात. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता लॅपटॉपवर बघते. सासूबाई आतून विचारतात, आज किती मेले गं? मी म्हणते, दोनच. त्या म्हणतात, बरं झालं, लवकर आटपलं.

शुक्रवारी हे पत्रक छापायला पाठवतात. वाचत नाहीत. शनिवारी दोनशे घरांत जातं आणि रविवारी स्टेजवर उभे राहून तेच मोठ्याने वाचतात — तुम्ही बघताच दर वेळी, एक हात खिशात, मधेच थांबतात, वर बघतात, जणू आत्ताच सुचलंय. आवाज चांगला आहे, नाही म्हणवत नाही.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. पहिल्या सिनेमाच्या वेळी मी सहज — अगदी सहज हं, खोडी म्हणून — एक वाक्य घुसडलं. ‘नायकाची आई घरातल्या डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा मोजते.’ सिनेमात आई उरलीच नव्हती. ती पहिल्या पाच मिनिटांत गोळी लागून मेली. यांनी वाचलं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि चर्चेत ते दाताचे डॉक्टर उठले, आठवतंय? म्हणाले, झाकणं हे दडपलेल्या मनाचं प्रतीक आहे. टाळ्या पडल्या काकू! मी मागच्या रांगेत ओठ चावून बसले होते. नसलेल्या आईने नसलेले डबे मोजले आणि दोनशे माणसांनी ते बघितलं. तेव्हा मला कळलं, लोक सिनेमा बघत नाहीत, पत्रक बघतात. तुम्ही एकट्याच निघालात सिनेमा बघणाऱ्या. तुम्ही काय करत होतात नोकरीत? भूगोल शिकवत होतात? वाटलंच. नकाशा आणि जमीन ताडून बघायची सवय.

तर तिसऱ्या सिनेमाला मी थोडी पुढे गेले. लिहिलं, ‘तो पट्टा काढतो, दोन पदरी करतो आणि आधी गादीवर मारून बघतो, त्या आवाजाने ती उठून बसते.’ वाचून दाखवलं यांनी. मी समोर बघत होते, म्हटलं आता अडखळतील. अडखळले नाहीत. उलट ‘दोन पदरी’वर थांबले, वर बघितलं. घरी जाताना म्हणाले, आज वाचन रंगलं. स्वतःचा पट्टा ओळखला नाही काकू त्यांनी. स्वतःच्या आवाजात ऐकला ना, मग काय, ओव्यांसारखं गोडच लागणार.

नाही नाही, तसं काही नाही, अहो मी उदाहरण — संसारात भांड्याला भांडं लागतं, तसं म्हणत होते. तुमची पाण्याची बाटली आहे का? एक घोट द्या.

पाचव्या सिनेमाला चुकलं माझं. तुम्ही होतात गेल्या रविवारी, हो ना? चर्चेत डॉक्टरांनी विचारलं, विहिरीत ढकलला तो कोण होता, आणि हे म्हणाले, तिचा भाऊ. भाऊ नव्हता, दीर होता. सगळा सिनेमा त्यावर उभा आहे, भाऊ असता तर तिने ढकललाच नसता. मी सहसा बोलत नाही हो. पण तोंडातून निघून गेलं, मागून, ‘भाऊ नाही, दीर.’ लोक हसले. वाईट नव्हते हसले, कौतुकानेच हसले, अध्यक्ष तर म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, घरात शिकवणी लावा. हेही हसले. गाडीतही हसत होते. घरी आलो, चपला काढल्या, जागेवर ठेवल्या त्यांनी, माझ्यासुद्धा. मग मला म्हणाले, इकडे ये, आणि माझा डावा हात धरला, आणि झोपायच्या खोलीचं निळं दार आहे आमचं, त्याच्या चौकटीवर, बिजागरीच्या बाजूला, नीट पसरून ठेवला — जसं फोटो चिकटवताना दाबून धरतात ना, तसा — आणि दार लावलं. बिजागरीची बाजू म्हणजे अडकित्ता हो. एकदा नाही. पहिल्यांदा नीट बसलं नाही म्हणून पुन्हा. आवाज दाराचा नाही येत काकू, ओल्या फांदीचा येतो. आणि म्हणाले, अगदी शांतपणे, ‘आता दुरुस्त कर.’ सासूबाईंनी मिक्सर लावला. रिकामा. मी वळून यांचं मनगट चावलं, असं चावलं की दातांत केस आले, रक्त माझ्या तोंडात, त्यांचं, खारट — मिठागराचा सिनेमा मी दुसऱ्याच दिवशी बघितला, म्हणून असेल, ते मीठ आणि हे मीठ एकच झालं माझ्या डोक्यात. पण गोणपाट राहिलं.

हो. तेच लिहिलं. एका हाताने टाइप केलं, चार दिवस लागले. निळं दार, बिजागरी, दोनदा, मिक्सर, मनगट. ‘आता दुरुस्त कर’सुद्धा, अवतरणचिन्हांत. आज बघा तुम्ही त्यांचं घड्याळ, उजव्या हातात आलंय, आणि डाव्या बाहीचं बटण गळ्यापर्यंत लावता आलं असतं तर तेही लावलं असतं. आत सगळे शर्टाच्या बाह्या सारून वारा घेताहेत.

रडू नका हो. तुम्ही कशाला रडता? मला रडायला आलं तर मी रडेन की. आणि पोलीस-बिलीस काही नको आत्ता, दवाखान्याचा कागद आहे माझ्याकडे, डॉक्टरीणबाईंनी खरं लिहिलंय, तो बॅगेत — ते जाऊ दे. चर्चेला? नाही, मी चर्चेपर्यंत नसते, म्हणजे — असेन की. कुठे जाणार. चारला हे स्टेजवर चढतात, मग पहिल्या रांगेत बसतात, सिनेमा एक तास बावन्न मिनिटं, वर चर्चा. आठवड्यात एवढाच वेळ असा असतो की हे माझ्याकडे बघत नाहीत. एवढंच म्हणत होते मी. बस स्टँड मागच्या गल्लीत आहे, साडेचारला एक सुटते, माझी आत्या राहते त्या — तुम्ही ऐकलं नाही हं हे काही.

काय?

कोणाला सांगितलंत? यांना? आत्ता? बाहेर यायच्या आधी?

कधी, किती वेळ झाला — काय म्हणालात नक्की? ‘दाराचा प्रसंग सिनेमात नाही, बघून घ्या’ एवढंच? पत्रक हातात होतं त्यांच्या? उघडलं? आठवा ना काकू, उघडलं का? मेले मी. आता बाहेर येतील. चेहरा कसा होता? हसले? हे हसले म्हणजे — चपला जागेवर ठेवतील आता. हात सोडा माझा, तो नाही, त्याला लागतं. आणि म्हणाले काय? बरोब्बर शब्द सांगा.

‘हो हो, बघतो बाई.’

असं म्हणाले? खांद्यावरून? माइकच्या वायरीकडे बघत? हां. मग बघितलेलं नाही. बाईमाणसाने सांगितलेलं हे कधीच बघत नाहीत, आणि तुम्ही तर वयस्कर बाईमाणूस, डबल सुटलात. थांबा, मला बसू दे. चालायचंय मला आज.

एक काम कराल? चर्चेत पहिला प्रश्न तुम्हालाच देतात ते नेहमी, ज्येष्ठ म्हणून, मिरवायला. उभ्या राहा आणि फक्त एवढंच विचारा, झोपडीला तर दार नव्हतं, मग हे दार कुठलं? दुसरं काही नको. भूगोलाचा प्रश्न आहे, तुम्हाला जमेल. वर्गात पोरं गप्प बसवलीत तुम्ही, एक माणूस बोलता करायचा.

लागला माइक. ऐका. ‘रसिक मित्रहो’ — खोकले. पान उलगडलं. ‘मिठाचा रंग पांढरा असतो, पण तो हातांवर उरत नाही’ — हे माझं आवडतं वाक्य, हे खरं सिनेमाचं आहे. छान वाचतात की नाही? थांबले, वर बघितलं असेल. आता मुकादम, आता लग्न, आता ती चारचौघांत त्याची चूक काढते. पुढे वाचताहेत. लक्षच नाही. ‘घरी आल्यावर तो दोघांच्या चपला जागेवर ठेवतो.’ वाचलं. ‘निळ्या दाराच्या चौकटीवर तिचा हात’ —

थांबले.

ही थांबायची जागा नाही. ऐका, माइकमध्ये श्वास येतोय. आता म्हणतील तांत्रिक अडचण. म्हणू देत. पत्रक दोनशे जणांच्या मांडीवर आहे आणि ते वाक्य मी मुद्दाम पानाच्या शेवटी तोडलंय, पुढचं मागच्या बाजूला — ऐकलंत? पाऊस पडल्यासारखं झालं ना आत? पानं उलटताहेत सगळे.

ही बॅग द्या तेवढी वर. जड नाही, एका हाताने उचलते. कार्डं इथेच राहू देत, पंचही. आणि तुम्ही आत जा काकू, जा, तुमची तिसरी रांग भरेल. दार हळू लावा. बोटं सांभाळा.