नवांतला आपला कोणता?

नऊ! तुम्हाला सांगतो, नऊ ट्रॉम्बोन, अन् तेही एका खोलीत! अहो, एक पुरत नाही का माणसाला? ती पितळेची लांबडी नळी, पुढे ढकलायची, मागे ओढायची, अन् आवाज कसला, तर चढावर दम तुटलेल्या ट्रकचा! मी जन्मभर ट्रक चालवला, मला नका सांगू. हे नऊ ट्रक एकामागं एक घाटात अडकलेत अन् सगळ्यांचे भोंगे चालू... याला म्हणे जॅझ म्हणायचं! सुई आणायला ही रेकॉर्ड घेऊन गेलो, तर दुकानवाल्याचे डोळेच पांढरे झाले, ‘काका, जपून धरा हो! इतके ट्रॉम्बोन एकत्र पुन्हा कुणी वाजवले नाहीत!’ का नाही वाजवले, ते मला विचार की लेका!

रोज दुपारी तेच. जेवण झालं, जरा आडवं व्हावं, डोळा लागतो न लागतो तोच आमची ही, म्हणजे बायको, तबकडी लावणार, स्पीकरला कान चिकटवणार, अन् हाका सुरू. ‘अहो, या! हा बघा, हा आमचा धाकटा!’ मी उठून, गुडघे सावरत तिथवर जातो तर, ‘नाही नाही, हा नव्हे. तो पलीकडचा असेल. की हा जाडा आवाजवाला? अहो, सांगा ना...’ आता नवांतला आपला कोणता, मी काय सांगू कपाळ?

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. चुळबुळ्या. घरात सगळे हेच म्हणायचे, कारण कार्ट्यानं लहानपणापासून एका जागी ढुंगण टेकलं असेल तर शपथ. मी त्याला तोंडावर ‘बसून खाणारा’ म्हणायचो. काम ना धाम, नळी घेऊन फिरायचं. गेल्या वर्षी गेला, मागे ही एक तबकडी ठेवून. जिवंतपणी आल्यागेल्याला हेच ऐकवायचा, ‘या रेकॉर्डला मी साथीला बसलो होतो बरं का!’ कव्हरवर फोटो आहे, नऊ जण काळे कोट घालून ओळीत, अन् सगळ्यांची तोंडं पितळेमागं. फोटोत ओळखू येत नाही तो आवाजात येणार?

मी हसायचो. मग हिला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, ‘आजी, कान चाललेत. बारीक आवाज आधी जातील, मोठे नंतर.’ ही घरी आली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, तबकडी काढली. म्हणाली, ‘अहो, सगळंच जायचंय तर जाऊ दे. पण त्याच्या आधी एकदा तो ऐकायचाय मला. नुसता तो.’ आता सांगा, हसणार कसं?

शोधत शोधत गेलो एका म्हाताऱ्याकडे. नवांतला तेवढाच उरलाय. फुंकून फुंकून गाल असे लोंबलेत, रिकाम्या पिशव्या जशा. विचारलं, ‘आमचा चुळबुळ्या कुठे ऐकू येतो हो?’

‘चुळबुळ्या? होता की! माझ्याच शेजारी बसला होता.’

‘ते झालं. वाजवतो कुठे?’

‘वाजवतो? अहो, आदल्या दिवशी दारावर आपटून पुढचे दोन दात पाडून आला होता! दातांशिवाय काय फुंकतो? कव्हर तर नऊ जणांचं छापून तयार. आम्ही म्हटलं, आलायस तर बस.’

‘मग?’

‘मग काय? बसला होता म्हटलं ना! नुसता बसला होता.’

घ्या! कव्हरवर नऊ, आत आठ! अन् बरं, लेकाचा खोटंही बोलला नाही हो! साथीला बसला म्हणजे वाजवलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा बसला म्हणजे... बसला!

जिना चढताना एकच, काय सांगू हिला? दारातच होती. ‘कळलं का हो? नवांतला आपला कोणता?’ म्हटलं, लाव आधी, बघू. लावली. आठ ट्रक घाटात. अन् मधे एक जागा येते, सगळे एकदम थांबतात, श्वास घेतात, एवढीशी शांतता... अन् त्या शांततेत, कर्र... करकर...

खुर्ची! ट्रकचा कुठला नट ढिला झालाय ते ऐकणारा कान आहे हा, चुकतो होय? सगळे श्वास रोखून बसलेत अन् हा चुळबुळतोय! मी ओरडलोच, ‘हा! हा तुझा भाऊ!’ सुई मागे घेतली. ‘आता येतो... आत्ता... हा!’

‘कुठाय? इथे तर कुणीच वाजवत नाही.’

पुन्हा लावली. पुन्हा. ‘अहो, खुर्ची करकरतेय ना, तोच!’ तिनं डोळे मिटून सगळा जीव कानात आणला. ‘नाही हो... काहीच नाही.’ बारीक आवाज आधी जातात. आठ परके धडधडीत ऐकू येतात, अन् आपला तेवढा गेला! रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘उशीर केला मी.’

कुणाला शिव्या घालायच्या, सांगा. दाताला? दाराला?

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातली ती मोडकी खुर्ची ओढत आणली, तिच्या मागं ठेवून बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती. ती जागा आली, अन् मी सगळा भार एका कुशीवर टाकला... कर्र्र! करकर!

‘आला! अहो, आला! मेल्याला तिथेही धड बसवलं नाही!’ अशी हसली, अशी हसली, अन् मग पदर डोळ्याला.

आता रोज दुपारी हेच. कधी माझा अंदाज चुकतो, तर डोळे न उघडता म्हणते, ‘आज जरा उशिरा आला हो.’ तिला कळलंय की नाही, देव जाणे. मी विचारत नाही, ती सांगत नाही. जन्मभर ज्याला बसून खाणारा म्हटलं, त्याच्या जागेवर आता मी. झोप गेली, कंबर गेली. कुणी विचारलंच, काका, दुपारचं काय करता, तर सांगतो... काही नाही बाबा, साथीला बसतो.