कालोलाइनेताईच्या कार्डावरचा सातवा नंबर

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड तानिएला, मोठ्या बेटावरून सकाळच्या बोटीने पोट सांभाळत आलेले आरोग्याधिकारी डॉक्टर व्हेआतुपू, चर्चचे कारभारी आणि माझे बालमित्र श्री. फेकी, आपल्या दवाखान्यात परवाच रुजू झालेल्या नर्स पेलेनाइसे, आणि चटयांवर मांडी घालून बसलेल्या हाआकीली बेटावरच्या माझ्या समस्त बंधूंनो,

यापुढे 'भगिनींनो' म्हणायची रीत आहे, मला ठाऊक आहे. आज मी मुद्दाम निम्म्यावरच थांबलो. आपल्या भगिनी बाहेर मंडपात आहेत, भट्टीतली डुकरं आणि सुरण उघडायची वेळ होत आली आहे, आणि मंडपातला कर्णा मी स्वतः जाऊन बंद करून आलो आहे. मंचावरची मधली खुर्ची रिकामी का, असं डॉक्टरसाहेबांनी मघाशी हळूच विचारलं. साहेब, ती खुर्ची आजच्या सत्कारमूर्तीची, म्हणजे कालोलाइनेताईची आहे. ती माझी सख्खी थोरली बहीण. मला तिच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्या कामाचं नावसुद्धा मी तिच्यासमोर घेऊ शकत नाही. आपल्याकडे भाऊ आणि बहीण एका छपराखाली असताना पाळीचा, संबंधाचा विषय निघत नाही. कुणी चुकून काढलाच तर दोघांतलं एक उठून जातं. मी लहान असताना एका सिनेमात नायकाने नायिकेचा हात धरला, तर अर्धं सभागृह रिकामं झालं होतं. मग आज मी काय करावं? दवाखान्यातली नर्स म्हणून एकतीस वर्षं तिने काय केलं ते न सांगताच गळ्यात हार घालावा आणि खाली बसावं?

नर्स पेलेनाइसे मंचावर बसल्या आहेत, त्याला हरकत नाही. त्या उत्तरेकडच्या बेटावरच्या. गावकामगार म्हणून मी त्यांच्या आईकडची आणि वडिलांकडची चार-चार पिढ्यांची नाती तपासली. या सभागृहात त्यांचा एकही भाऊ निघाला नाही. पेलेनाइसेबाई, असं भाग्य या बेटावर दुसऱ्या कुठल्या बाईला लाभलेलं नाही.

माझ्या ताईचं तसं नव्हतं. आपल्यात चुलत भाऊ म्हणजे भाऊच, मावसभाऊ म्हणजे भाऊच, आजोबांच्या भावाचा नातूही भाऊच. म्हणजे दवाखान्याच्या दारात उभा राहिलेला दर दुसरा पुरुष तिचा भाऊ. त्यातून तिने वाट काढली ती मागच्या खोलीची. मंगळवारी आणि गुरुवारी, मागच्या दाराने, बायका आणि मुली यायच्या. कोण आलं, कशाला आलं, हे एकतीस वर्षांत त्या खोलीतून बाहेर फुटलेलं नाही. या बेटावर कोणाच्या घरी काय शिजलं हे जेवायच्या आधी सगळ्यांना कळतं, हे लक्षात घेऊन विचार करा.

पुरुषांमध्ये जे तिच्या नात्यातले नव्हते ते पुढच्या दाराने जायचे. आपला मोआला, जो लग्न करून या बेटावर राहायला आला, तो एकदा गेला होता. तो हसतोय बघा. ही गोष्ट मी त्याच्याच परवानगीने सांगतो.

म्हणाला, "बाई, बायकोने तीन महिन्यांची सुई घेतली. तेव्हापासून तिला पाळीच नाही. ते रक्त जातं तरी कुठे? आत साठत असेल ना?"

ताई म्हणाली, "मोआला, तू विहिरीतून पाणी काढलं नाहीस तर विहीर फुटते का?"

"नाही."

"इथे तर पाणीच भरत नाही. सुईने आतलं अस्तर वाढतच नाही, मग साठणार काय?"

"मग सुई बंद केली तर मूल होईल?"

"होईल. कधीकधी वर्षभर लागतं. तोपर्यंत आहेत त्या चौघांना शाळेत सोडत जा."

सुई बंद केल्यावर पाचवा झाला आणि मोआला तेव्हापासून आमच्यात आरोग्याचा जाणकार म्हणून मिरवतो. मिरवू द्या. निदान त्याने विचारलं तरी.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्याकडे येतो. परवा दिवशी, सोमवारी, गावसभा आहे. तिथे एक ठराव येणार आहे. ताई निवृत्त झाली, तेव्हा मागची खोली मोकळी करावी आणि तिथे चर्चच्या खुर्च्या ठेवाव्यात. ठराव फेकीचा आहे. फेकी, मान खाली घालू नकोस, तू काही चोरून केलेलं नाहीस. माझ्या ओसरीवर कावाच्या मुळीचं पेय पिता पिता तू मला तोंडावर म्हणालास, "त्या खोलीचा उपयोग काय झाला ते तुझ्या पोरीलाच विचार. नर्स म्हणाली शहाळ्याचं पाणी पाजा आणि थांबा. थांबला असतात तर पोरगी गेली असती."

मी गप्प बसलो. कावा संपवला. नऊ वर्षं मी हेच करत आलो आहे.

माझी मुलगी तोकिलुपे. तिच्याबद्दल मी आज बोलणार, हे तिला विचारूनच बोलतो आहे. ती म्हणाली, "आबा, बोला. पण सगळं बोला. अर्धं बोलणार असाल तर नकोच." नऊ वर्षांपूर्वी ती वीस वर्षांची होती. लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि जावई सफरचंदं तोडायला ऑस्ट्रेलियाला गेला होता. लग्न झालेली मुलगी! यात चोरटं काही नव्हतं, लाजेचं काही नव्हतं. हे मी फेकीसाठी सांगत नाही, स्वतःसाठी सांगतो. मला लपण्यासाठी तेवढीही सबब नव्हती.

ताई त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी मोठ्या बेटावर गेली होती. सकाळी तोकिलुपेच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. माझी बायको सेइनी तिच्याजवळ बसली आणि मला म्हणाली, "दुकानात जाऊन ताईंना फोन लावा. सांगा, दोन महिने पाळी नाही आणि एका बाजूला दुखतंय. दोन्ही सांगा." तेव्हा बेटावर फोन एकच, सहकारी दुकानातला.

मी गेलो. फोन लागला. ताई म्हणाली, "कुठे दुखतंय?" मी म्हणालो, उजवीकडे. "ताप?" नाही. "उलटी?" एकदा झाली. "आणखी काही, पेनी?"

सेइनीने सांगायला दिलेला शब्द माझ्या तोंडात होता. तो बहिणीच्या कानात घालायचा होता. आणि मी, तीनशे माणसांचा गावकामगार, वादळात बोटी मागे फिरवणारा माणूस, म्हणालो, "आणखी काही नाही."

ती म्हणाली, "मग थोडं थोडं शहाळ्याचं पाणी दे. दुपारपर्यंत बघ, वाढलं तर कळव."

दुपारी तोकिलुपे उठायला गेली आणि जमिनीवर कोसळली. मी पुन्हा दुकानात जाऊन फोन लावला, तेवढ्यात सेइनी अनवाणी धावत मागून आली, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि एका वाक्यात सांगून मोकळी झाली. ताई पलीकडून ओरडली ते मलाही ऐकू आलं, "बोट काढा! आत्ताच्या आत्ता काढा!" गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. आत रक्तस्राव होत होता. तीन तास ती बोटीत माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना बघत होतो. बंधूंनो, ती वाचली ती सेइनीमुळे, धक्क्यावर डॉक्टरांना घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या बहिणीमुळे, आणि ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा दोघांनी दिलेल्या रक्तामुळे. माझ्यामुळे वाचली नाही.

पुढे चौकशी झाली. ताईने लिहून दिलं, "फोनवर मी नीट विचारलं नाही, चूक माझी." तो कागद अजून तिच्या नोकरीच्या फायलीत आहे. गावात बोललं गेलं, नर्सला कळलं नाही. माझ्याकडे निरोप होता आणि मी तो गिळला, हे फक्त सेइनीला ठाऊक होतं, आणि तिने मला उघडं पाडलं नाही. ताईला संशय आला होता का? मी सांगू शकत नाही. विचारायचं तर तिलाही तोच शब्द माझ्यासमोर उच्चारावा लागला असता.

पण परत आल्यावर महिन्याभरात तिने ते कार्ड काढलं. तुमच्या प्रत्येकाच्या घरात, बहुधा कॅलेंडरमागे, ते अडकवलेलं आहे. सात प्रश्न, सात नंबर. एक, पाळी चुकली. दोन, गोळी घ्यायची राहिली. तीन, काळजी न घेता संबंध आला. चार, निरोध फाटला. पाच, खाज, जळजळ किंवा पाणी जातं. सहा, एवढ्यात मूल नको. भावाने बहिणीला फोन करावा, "ताई, तीन नंबर" म्हणावं आणि ठेवून द्यावा. पुढचं ती बघेल. रेव्हरंडसाहेब, तुम्ही त्या वर्षी भर उपासनेत "आता गीत क्रमांक चार" म्हणालात आणि मागच्या रांगेतली तरुण मंडळी खोकत सुटली, ते या कार्डामुळे. आज सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात राहायला नको.

आता कार्डाच्या मागची उत्तरंही मी आज उघड वाचणार आहे, कारण मागची बाजू कुणी वाचत नाही. पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असं नाही. आजारपण, काळजी, एकदम उतरलेलं वजन, कशानेही चुकते. पण तपासणीची पट्टी खोलीत मिळते, पाच मिनिटांत कळतं, अंदाज बांधत बसू नका. तीन आणि चार नंबरला गोळी आहे, जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, तीन दिवसांच्या आत तर घ्याच. रविवार असला तरी. पेलेनाइसेबाई रविवारीही दार उघडणार आहेत, मी विचारलंय. पाच नंबर असेल तर नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचं, एकट्या बायकोला पाठवून स्वतः मासे पकडायला जायचं नाही. परदेशात काम करून आलेल्यांनी काही त्रास नसला तरी तपासून घ्यायचं. त्यात तुमच्या इज्जतीचा प्रश्न नाही, तुमच्या बायकोच्या तब्येतीचा आहे. दंडात बसवायची काडी काही वर्षं पुरते, काढली की पुन्हा मूल होऊ शकतं, आणि तिने बाई वांझ होते ही अफवा ज्याने उठवली तो आत्ता खिडकीजवळ बसला आहे. नाव घेत नाही.

आणि सातवा नंबर. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला दुखतं. त्याच्यामागे उत्तर म्हणून दोनच शब्द आहेत. बोट काढा.

हा सातवा नंबर सगळ्यांत शेवटी, वेगळ्या शाईने छापलेला आहे. तो तिने माझ्यासाठी छापला, असं मला नऊ वर्षं वाटत आलं आहे. गेल्या नऊ वर्षांत त्या नंबरावर दोन बोटी निघाल्या. दोन्ही वेळेला फोन भावाने केला होता. दोघीही आत्ता बाहेर मंडपात पानं मांडत आहेत.

तेव्हा फेकी, खुर्च्यांसाठी माझी ओसरी घे. माझं गोदाम घे. खोलीची किल्ली गावकामगाराकडे असते. ती मी आज सकाळी पेलेनाइसेबाईंच्या हातात दिली. ठराव मांडायचा तर जरूर मांड, तो तुझा हक्क आहे, पण नर्सची चूक झाली होती म्हणून मांडू नकोस. ते कारण खोडायला मला आता एक काम करायचं आहे. अध्यक्षमहाराज, परवानगी द्या. कुणीतरी बाहेर जा आणि कालोलाइनेताईला आत बोलवा. सगळ्या बायकांनाच बोलवा. ज्यांच्या बहिणी येतील आणि ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी चटईकडे बघावं, बाहेर जाऊ नये. डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहून घ्या, फायलीत लावायला लागेल.

ये ताई. नाही, तिथे दारात नको. वर ये, खुर्चीवर बस. पदरखर्चाने आलेल्या पाहुण्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या हातांचे, मंडप बांधणाऱ्या तरुणांचे आणि मला एवढा वेळ सहन करणाऱ्या सभेचे मी मनापासून आभार मानतो. भाषण संपताना आपण म्हणतो, काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. मी आज जे बोललो त्याची माफी मागत नाही. जे बोललो नाही त्याची मागतो, आणि ती सभेकडे नाही, तुझ्याकडे मागतो.

ताई, तोकिलुपेची पाळी दोन महिने चुकली होती. मला ते ठाऊक होतं. तू विचारलंस, "आणखी काही, पेनी?" आणि मी नाही म्हणालो. चूक माझी होती.