पहिल्या नाक्यापर्यंत

– अगो नाही, उभ्या उभ्या निरोप घेऊन जायचं नाही. बस. बस म्हणते ना अनुराधा! पाच मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही – आणि कोसळायचंच असेल तर तू खालच्या मजल्यावर असलीस काय नि वर माझ्याकडे असलीस काय, सारखंच. चहा टाकलाय. कमलाकरभाऊ टपावर सामान बांधतायत ना? मग! दोरी बांधताना पुरुषांना बायको जवळ नकोच असते, आपण उगाच शिकवायला जातो. – ते होय? विमान. धहरानहून उठतात, मी मोजायचं सोडून दिलंय. इराकला दिलेली मुदत काल संपली म्हणे, बीबीसीवाला सांगत होता, आता कधीही. कधीही म्हणजे कधी, ते काही सांगत नाही मेला. खिडक्यांना टेप लावून झाली, विषारी वायू सोडलाच तर दाराखाली कोंबायला टॉवेल भिजवून ठेवलेत, बादल्या भरल्यात. अख्ख्या कतीफात टेप मिळेना, मिसरी दुकानदारानं शेवटचं बंडल मला ठेवलं, भला माणूस. तू साखर किती घेतेस, विसरलेच बघ.

आज रियाध, परवा जिद्दा, मग मुंबई, मग नाशिक. चार दिवसांत किती गावं बघशील तू! हसू नको, मला खरंच हेवा वाटतो. लोक जीव मुठीत धरून पळतायत आणि ही बाई म्हणते हेवा – पण माझं हे असंच आहे गो, लहानपणापासून. बाप माझा जहाजावर खलाशी. घर हर्णैला, आणि तो अकरा महिने पाण्यावर. घरी आला की बाकीची पोरं पेटीतला खाऊ मागायची, मी म्हणायची, आधी बंदरं सांगा. मग तो पाय पसरून बसायचा नि सुरू करायचा – एडन, मोंबासा, दरबान, रॉटरडॅम, योकोहामा. मला पाढे कधी आले नाहीत, बंदरं धडाधड यायची. आई डोक्याला हात लावायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही कुणाच्या घरात टिकायची नाही. दोन स्थळं आली मला. एक दापोलीत मास्तर, देखणा, बोलायला गोड. दुसरे हे. ह्यांना मी धड पाहिलंसुद्धा नाही – सौदीला असतो एवढं ऐकलं नि हो म्हणून मोकळी झाले. 'अख्तरीचं लग्न माझ्याशी नाही, माझ्या पासपोर्टशी लागलंय,' असं म्हणायचे हे, चारचौघांत. म्हणतात. अजून म्हणतात.

आणि बघितलं काय मी? सांग ना, सहा वर्षांत काय बघितलं? हा जिना. ती शाळा. गुरुवारी संध्याकाळी समुद्रावर जायचं, गाडीच्या आडोशाला चटई टाकायची, भज्या खायच्या नि परत. एकदा मक्केला उमरा झाला, अल्लाचा शुक्र. बाकी बाईनं गाडी चालवायची नाही, बाईनं एकटं निघायचं नाही, दूध संपलं तरी खिडकीतून हाक मारायची. हर्णैला असताना निदान एकटी दापोलीपर्यंत तरी जायची मी! मग काय, नूरैनचा शाळेचा अ‍ॅटलास – तिच्यापेक्षा मीच जास्त फाडला. दुपारी आम्ही मायलेकी पालथ्या पडून बोटानं फिरायचो, आज कैरो, उद्या इस्तंबूल, आणि हे ताट घेऊन बसायचे, म्हणायचे, इस्तंबूलहून आलात की वाढा. कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

काय म्हणालीस? ह्यांचा रियाधचा पत्ता? कशाला गो? – कमलाकरभाऊ भेटतील, मला न्यायला सांगतील? नको, नको, त्यांना कशाला त्रास. कंपनीनं कुठे ठेवलंय ते मलाच नक्की माहीत नाही, फोन तेच करतात. हो, करतात ना. गेल्या – गेल्या आठवड्यात केला होता. अशी काय बघतेस? तुझ्या घरचा फोन वाजला की खालून ऐकू येतो, आणि माझा पाच महिने वाजलेला तू ऐकला नाहीस, असंच ना? हुशार आहेस. इतके दिवस बोलली नाहीस, तेही शहाणपणच. बरं. चहा पी आधी, निवतोय. जमालुद्दीन रियाधला नाहीत. ऑगस्टपासून नाहीत. हे ह्या बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही आणि घरमालकाला तर मुळीच कळता कामा नये, एकट्या बाईला तो एक दिवस ठेवायचा नाही.

ते कुवेतला गेले. मी पाठवले. – मध्ये बोलू नको, नाहीतर माझं सांगायचं राहील. तिकडे आमचा मुआज होता, हर्णैचाच, त्यानं त्या निळ्या मनोऱ्यांचं कार्ड पाठवलं होतं, समुद्राकाठी, वर चढलं की म्हणे सगळं कुवेत फिरताना दिसतं. झालं, मी हट्ट धरला. चार तासांचा रस्ता, आणि मी दुसरा देश म्हणून एक बघितला नाही! हे म्हणाले, ऑगस्टचं ऊन आहे, गाडीचा एसी बिघडलाय, थंडीत जाऊ. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, तोंडातून शब्द नाही. मग मीच तोड काढली – तुम्ही एकटे जाऊन या, मुआजच्या घरी जागा बघा, आमच्या परवान्याचं विचारा, शुक्रवारी परत. शाळा उघडायच्या आत आम्हाला न्या. बुधवारी दुपारी निघाले. जाताना म्हणाले, आता तरी हस. मी हसले नाही. मला वाटलं, आत्ता हसले तर हा माणूस पुन्हा थंडीचं नाव काढेल. आणि गुरुवारी पहाटे इराकवाले आत शिरले.

मुआज ओमानला – नाही, नाही, अम्मानला पोचला, तिथून विमानानं मुंबईला. ऑक्टोबरात त्याचं पत्र आलं. लिहितो, भाई गुरुवारी सकाळीच सरहद्दीवरच्या खफजीच्या रस्त्यानं उलट निघाला, मी हातापाया पडलो, ऐकला नाही, म्हणाला घरी बायको रुसलीय. बस. एवढंच पत्र. त्यापुढं कुणालाच काही माहीत नाही. मी कंपनीत फोन केला, त्या मॅनेजरनं सांगितलं, थांबा. थांबले. मग नव्या वर्षाला कंपनीला कुलूप, कंपनीचा मालक, आमचा कफील, जिद्दाला, आणि माझा पासपोर्ट आतल्या तिजोरीत.

आता तू म्हणशील चल आमच्याबरोबर, गाडीत जागा आहे. म्हणणारच तू, त्यासाठीच वर आलीस, तुझा चेहरा मला वाचता येतो. पण नाक्यावर काय दाखवू गो? इथली रीत तुला माहीतच आहे – पासपोर्ट हातात हवा तर राहायचा परवाना, तो इकामा, कंपनीत जमा करायचा, एक द्यायचा नि एक घ्यायचा. कुवेतला जायला ह्यांनी दिला. आणि मी नि नूरैन त्याच इकाम्यावर. दोन दिवसांचा तर प्रश्न, साधी झेरॉक्सही काढून ठेवली नाही मी. आता ह्या मुलखात मी कोण, हे सांगणारा चिटोरा माझ्याकडे नाही. परक्या माणसाच्या गाडीत बिनकागदाची बाई! पहिल्या नाक्याला मला उतरवतील आणि कमलाकरभाऊंना कोठडीत घालतील. नको. आणि खरं सांगू? कागद असता तरी मी आले नसते. तो माणूस ह्या दारावर येणार. चालत येईल, रांगत येईल, पण ह्याच दारावर. आणि दाराला कुलूप?

नूरैनचं मात्र तसं नाही. – ऐक. तुमच्या त्या तपकिरी इकाम्यावर तुझ्या मुग्धाचं नाव अजून आहे. आहे ना? दिवाळीत तूच दाखवलास, कमलाकरभाऊंच्या फोटोला हसत होतो आपण, तेव्हा मी वाचलं. मुग्धा ऑगस्टात आजीबरोबर नाशिकला गेली, नाव इथेच राहिलं. पोरांचा फोटो नसतो त्यावर, नुसतं नाव नि वय. नऊ. माझी आठाची आहे, पण उंच. तिचे केस मुग्धासारखे कापलेत मी. तावीज काढून ठेवलाय. टिकली लावलीय. रियाधला बत्ह्यात माझी नणंद जुबेदा आहे, तिच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, तिला फोन झालाय, ती दारात उभी असेल. त्यांना इकडे यायला त्यांचा कफील सोडत नाही, नाहीतर तुझ्यापुढं पदर पसरला नसता. फक्त रियाधपर्यंत. पाच तास. पाच तास तू तिची आई हो.

उठू नको. मला कळतं तू काय म्हणणार – पकडलं तर? तर तुम्ही तिघं अडकाल, होय, आणि तुझी मुग्धा तिकडे वाट बघत राहील. मी काय दगडाची आहे, मला हे दिसत नाही? रोज दिसतंय. तरी मागतेय. लाज सोडून मागतेय. ती इथे राहिली आणि वरून तो वायू पडला, तर ती माझ्या हट्टापायी गेलेली दुसरी असेल, अनुराधा. एकाचं मी सोसतेय. दोघांचं नाही सोसवायचं.

नूरैनला समोर बोलावू? तिलाच विचारतेस? ती आत नाही गो. – ती खाली आहे. तू जिना चढून आलीस ना, तेव्हाच मागच्या जिन्यानं उतरली ती. तिच्या तोंडी मीच सांगून पाठवलं कमलाकरभाऊंना, अनुराधा हो म्हणालीय म्हणून. खोटं बोलले. माफ कर, नाहीतर नको करू. खिडकीच्या फटीतून बघत होते मी तू साखर ढवळत असताना – हातातली दोरी टपावर टाकली नि गाडीचं मागचं दार उघडलं त्यांनी. आता तिला खेचून बाहेर काढायचं असेल तर काढ. तुझ्या हातानं काढ. मी अडवणार नाही.

रडू नको, डोळे लाल दिसतील, शिपाई विचारेल. ती रडणार नाही, तिची काळजी करू नको. सहलीला निघालेय असंच समजतेय ती, रियाध बघायचं म्हणून सकाळपासून नाचतेय. नाव पाठ करून घेतलंय मी, बापाचं, गावाचं, शाळेचं. चार दिवस तेवढंच चाललंय आमचं. मी शिपाई व्हायची, दरडावून विचारायची, तुझी आई कुठंय? पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी थोबाडीत दिली. जन्मात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली, पुन्हा दिली. आज सकाळी चहा गाळता गाळता मी सहज विचारलं, शिपायाचा आवाजसुद्धा काढला नव्हता – तुझी आई कुठंय गो? तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, खाली, गाडीत.

– हॉर्न वाजतोय. जा. जा गो बाय, दार ओढून घे.