ताईची अचीव्हमेंट

आमच्या दरेकशात सत्कार करणाऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त माईक दिसतो. ताई पोलिस भरतीत लागली तेव्हाचंच घ्या. तिला त्याच दुपारी ट्रेनिंगला निघायचं होतं. गाडी चुकली की हजेरी चुकणार, तरी यांनी सत्कार ठेवलाच.

गुरुजी उठले. "ही आपल्या गावाची अचीव्हमेंट आहे!" टाळ्या पडल्या.

पुढचा नंबर सरपंचाचा. मी कॉलेज सोडल्यापासून हा माणूस मला 'फेल' म्हणूनच हाक मारतो. तो कानाशी आला, "ए फेल, मोबाईलमंदी पाहून दुसरा शब्द सांग. गुरुजीचा उष्टा शब्द मी कायले वापरू?"

मी 'अकम्प्लिशमेंट' सांगितला. तो त्याने अर्धा तास चघळला.

मग मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ. "मले याच्याहून भारी सांग, बेटा." त्यांना 'अटेनमेंट' दिला.

ताई खुर्चीत घामाघूम. मोठेबाबांनी डोळे मिटून भाषण धरलं, तशी मी तिला मागच्या मागे उठवली, मोटारसायकलवर बसवली आणि स्टेशनावर चालत्या गाडीत चढवून दिली.

परत आलो तर मोठेबाबा बोलूनच राहिले होते. सरपंच शाल घेऊन रिकाम्या खुर्चीपुढे उभा.

"काऊन बे फेल, पोरगी कोठी गेली?"

"नोकरीवर."

त्याने फोटोवाल्याकडे पाहिलं. "मंग तूच बस. फोटो तं झाला पाहिजे."

गावच्या ग्रुपवर तो फोटो आजही आहे. शाल माझ्या अंगावर, आणि खाली सरपंचाने लिहिलंय, 'अकम्प्लिशमेंट'.